कारण आणि करण

मराठीत ‘त्याने रागाने काठीने मारले’ असे वाक्य कोणी लिहिले तर ते कानाला थोडे खटकते. व्याकरणाला मात्र त्यात काही वावगे दिसत नाही. तीन पदे आणि तिन्ही तृतीयेची. ‘त्याने’ हा कर्ता, ‘रागाने’ हा हेतू आणि ‘काठीने’ हे करण. कोणी मारले, कशामुळे मारले आणि कशाने मारले, या तीन अगदी वेगळ्या प्रश्नांची उत्तरे भाषेने एकाच प्रत्ययाच्या खुंटीवर टांगून ठेवली आहेत. व्याकरणाच्या तासाला ती वेगळी करून दाखवावी लागत, आणि ज्या विद्यार्थ्याला प्रत्यय ओळखता आला पण कारकार्थ सांगता आला नाही, त्याचे गुण कापले जात.

नैयायिकांनी या भेदाला आणखी धार आणली. कोणतेही कार्य घडायला अनेक कारणे लागतात. काळ, दिशा, अदृष्ट यांसारखी काही कारणे तर जगातल्या यच्चयावत कार्यांना समान असतात. ती खोटी नव्हेत, पण ती सांगून काही सांगितल्यासारखे होत नाही. म्हणून त्यांना साधारण कारणे म्हटले गेले, आणि या कार्याला जे विशेषत्वाने लागते अशा असाधारण कारणाला ‘करण’ ही संज्ञा दिली गेली. लाकूड तुटते तेव्हा काळही असतो, तोडणाराही असतो, त्याची इच्छाही असते. परंतु करण म्हणजे कुऱ्हाड. ‘कारण’ आणि ‘करण’ यांत लेखी फरक एका कान्याचा. अमेरिकेत गेली सहा दशके सामूहिक गोळीबारांच्या मीमांसेवरून जो वाद चालला आहे, तो या एका कान्याभोवती फिरतो असे म्हटले तर ती प्रथमदर्शनी वैयाकरणाची चेष्टा वाटेल. त्या वादाचा इतिहास पाहिला की ती तशी वाटत नाही.

या इतिहासाचा आरंभ बहुधा १ ऑगस्ट १९६६ या दिवसापासून धरला जातो. टेक्सास विद्यापीठाचा एक विद्यार्थी, पूर्वी नौसैनिक दलात नेमबाजी शिकलेला, ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या मनोऱ्यावर बंदुका घेऊन चढला आणि दीड तासाहून अधिक काळ खालच्या माणसांवर गोळ्या झाडत राहिला. त्याआधीच्या रात्री त्याने आपल्या आईला आणि पत्नीला ठार केले होते. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने एक विलक्षण विनंती केली होती: आपल्या मृत्यूनंतर आपल्या मेंदूची तपासणी व्हावी. म्हणजे कारणाचा शोध घेणारा पहिला माणूस खुद्द मारेकरीच होता. विच्छेदनात मेंदूत एक लहान गाठ सापडली. राज्यपालांनी नेमलेल्या तज्ज्ञ-समितीने बराच विचार करून असे मत दिले की त्या गाठीचा कृत्यात काही वाटा असूही शकेल, परंतु तसे निश्चितपणे म्हणता येत नाही. हा मनुष्य काही महिने आधी विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन आला होता आणि मनोऱ्यावर जाऊन लोकांवर गोळ्या झाडण्याचा विचार मनात येतो हेही त्याने बोलून दाखवले होते. इतके सगळे हाती असूनही, साठ वर्षांनंतर, ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर त्या समितीने जिथे सोडले तिथेच आहे. ‘कशाने?’ याचे उत्तर मात्र पहिल्या दिवशीच मिळाले होते.

पुढच्या प्रत्येक घटनेनंतर कारणांची यादी वाढत गेली. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक यांना मारले, तेव्हा आठवड्याभरात सारा देश कारणशास्त्री झाला. कोणी संगणकावरील ‘डूम’ या खेळाला दोष दिला, कोणी मर्लिन मॅन्सनच्या संगीताला. कोणी काळे लांब कोट घालणाऱ्या मुलांच्या कंपूला, कोणी शाळेतल्या दांडगाईला, कोणी प्रार्थना बंद झाल्याला आणि कोणी घरी नसणाऱ्या आईबापांना. पुढे मुलांच्या वह्या आणि पोलिसांची कागदपत्रे उजेडात आली तेव्हा यातील पुष्कळ कथा टिकल्या नाहीत. ती मुले त्या कोटवाल्या कंपूची खऱ्या अर्थाने सभासदही नव्हती. एक गोष्ट मात्र त्या कागदांतून स्पष्ट झाली. त्यांचा मूळ बेत गोळीबाराचा नव्हताच. शाळेच्या उपाहारगृहात त्यांनी स्वतः तयार केलेले दोन मोठे बॉम्ब ठेवले होते आणि शेकडो मुले त्यात मरावीत अशी योजना होती. ते बॉम्ब फुटले नाहीत. बंदुका चालल्या. त्यांतल्या तीन बंदुका अठरा वर्षांच्या एका मैत्रिणीने शस्त्र-जत्रेत खाजगी विक्रेत्यांकडून, कसलीही चौकशी न होता, विकत आणून दिल्या होत्या. द्वेष दोन्हींमागे एकच होता. एका ठिकाणी साधन फसले आणि दुसऱ्या ठिकाणी फसले नाही, एवढ्यावरून शेकडो मुलांचे जगणे आणि तेरा जणांचे मरणे ठरले. २००० च्या नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या मतदारांनी शस्त्र-जत्रांतील विक्रीलाही पूर्वतपासणी बंधनकारक करण्याचा ठराव सुमारे सत्तर टक्के मतांनी मंजूर केला. मतदारांना करण दिसले होते. वृत्तपत्रांतील चर्चा मात्र कारणातच रमली होती.

न्यूटाउन येथील सँडी हुक प्राथमिक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. मारेकऱ्याने वापरलेली रायफल त्याच्या आईने कायदेशीरपणे विकत घेतलेली होती, आणि पहिला बळी तीच होती. राज्याच्या सरकारी वकिलांनी वर्षभराच्या तपासानंतर सांगितले की हेतूचा निर्णायक उलगडा झालेला नाही आणि कदाचित कधी होणारही नाही. लास व्हेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून संगीत-समारंभावर गोळ्यांचा वर्षाव झाला. त्यात ५८ माणसे तेव्हाच आणि आणखी दोन पुढे दगावली. केंद्रीय तपास संस्थेने २०१९ मध्ये निष्कर्ष काढला की एकच एक स्पष्ट प्रेरणा सापडत नाही. ज्या वादात ‘आधी कारण शोधा, मग कायद्याचे बोला’ असे म्हटले जाते, त्या वादासाठी हे निष्कर्ष फार अडचणीचे आहेत. कारण सापडलेच नाही तर कायद्याचे बोलणे कधीच सुरू व्हायचे नाही काय?

कारणांपैकी सर्वांत आदराने पुढे केले जाणारे कारण म्हणजे मनोविकार. ते सहजासहजी झिडकारता येत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जण मारले गेले. त्यांत भारतातून गेलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. मारेकरी स्वतःला धोकादायक आहे असा निर्णय त्याआधी न्यायालयाने दिला होता आणि त्याला उपचार घेण्याचा आदेशही दिला होता. असा निर्णय झालेल्याला शस्त्र विकता येत नाही असा केंद्रीय कायदा तेव्हाही होता. पण तो निर्णय राज्याकडून पूर्वतपासणीच्या नोंदवहीत पोहोचला नव्हता, आणि दुकानदाराला पडद्यावर आक्षेपार्ह काही दिसले नाही. या प्रसंगी कारण ठाऊक होते, निदान होते, न्यायनिर्णय होता. तरीही शेवटी प्रश्न उरला तो दोन पिस्तुले त्या हातात पडली कशी, हाच. शिवाय मनोविकार हे नैयायिकांच्या भाषेत साधारण कारण आहे. तो टोकियोत आहे, टोरांटोत आहे, ठाण्यातही आहे. एकाकी मुले, दुभंगलेली घरे आणि हिंसक खेळ सर्वत्र आहेत. मनोरुग्णांपैकी बहुसंख्य माणसे आयुष्यात कोणावर हात उगारत नाहीत, उलट स्वतःलाच इजा करून घेण्याचा धोका त्यांना अधिक असतो. अमेरिकेत जे आहे आणि अन्यत्र त्या प्रमाणात नाही, ते वेगळेच आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हातील संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार तिथल्या नागरिकांच्या हाती ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या; माणसांपेक्षा बंदुका जास्त.

या दृष्टीने १९९६ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एका वर्षात तीन देशांनी एकाच प्रश्नाला तीन उत्तरे दिली.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेतील व्यायामशाळेत एका माणसाने सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका यांना ठार करून स्वतःलाही संपवले. त्याची पिस्तुले परवान्याची होती. या माणसाचा परवाना काढून घ्यावा असे एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्येच लेखी सुचवले होते. वरिष्ठांनी ते मानले नव्हते. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत त्या माणसाच्या मनाचा बराच तळ ढवळला गेला, पण गावातल्या आणि आसपासच्या काही कुटुंबांनी त्या शोधाची वाट पाहिली नाही. मार्चच्या त्या दिवसांत तिथे फुललेले एकच फूल होते, स्नोड्रॉप. त्याचे नाव घेऊन खाजगी पिस्तुलांवर बंदीची मागणी करणारा अर्ज फिरू लागला आणि त्यावर सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. कलन यांनी सरसकट बंदीची शिफारस केली नव्हती. मेजर यांचे सरकार त्यांच्या पुढे गेले आणि ब्लेअर यांचे सरकार आणखी पुढे. १९९७ संपण्यापूर्वी ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तूल जवळपास पूर्णपणे बेकायदा ठरले, आणि सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुले सरकारजमा झाली. प्रामाणिक नेमबाजांचे यात नुकसान झाले, हे मान्य केले पाहिजे. ब्रिटिश ऑलिंपिक नेमबाजांना पिस्तुलाच्या सरावासाठी परदेशी जावे लागू लागले. त्यांचा काही गुन्हा नव्हता. कायद्याने त्यांच्या छंदाचे आणि त्या सोळा मुलांचे वजन करून पाहिले आणि पारडे कुठे झुकते ते उघडपणे सांगितले, एवढेच.

सहाच आठवड्यांनी, २८ एप्रिलला, टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली. जुन्या बंदिशाळेचे अवशेष पाहायला आलेले ते प्रवासी होते. जॉन हॉवर्ड पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्यांचा पक्ष सनातनी वळणाचा, सत्तेतला सहकारी पक्ष शेतकऱ्यांचा, आणि बंदुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार केंद्राचा नव्हे तर घटकराज्यांचा. तरी बाराव्या दिवशी सर्व राज्यांचा करार झाला. अर्धस्वयंचलित रायफली आणि तशाच प्रकारच्या शॉटगन यांवर कडक बंदी आली, आणि त्या परत विकत घेण्यासाठी आरोग्य-कराला तात्पुरती जोड देऊन पैसा उभा केला गेला. साडेसहा लाखांच्या आसपास शस्त्रे वितळवली गेली. जूनमध्ये व्हिक्टोरियातील सेल गावी संतप्त बंदूकधारकांसमोर बोलताना हॉवर्ड यांनी कोटाखाली गोळीरोधक जाकीट घातले होते आणि ते सर्वांना दिसत होते. आपल्याच मतदारांची ही अविश्वासाची खूण त्यांना पुढे स्वतःलाच आवडली नाही. या करारातली सर्वांत दूरगामी तरतूद बंदीची नव्हे. बंदूक हवी असणाऱ्याने खरेखुरे कारण सांगितले पाहिजे, आणि स्वसंरक्षण हे त्यासाठी पुरेसे कारण मानले जाणार नाही, ही ती तरतूद. तिथेही कारण विचारले जाते. पण ते विचारले जाते बंदूक देण्यापूर्वी, आणि ते बंदूक घेणाऱ्याला.

आणि अमेरिका? त्याच १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने काय केले हे फारसे सांगितले जात नाही. तीन वर्षांपूर्वी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवले होते की घरात बंदूक असणे आणि त्या घरात खून होणे यांचा संबंध आहे. त्या अभ्यासाला सरकारी रोगनियंत्रण केंद्राने पैसा दिला होता. नॅशनल रायफल असोसिएशनला हे रुचले नाही. आर्कान्सासचे प्रतिनिधी जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती संमत झाली: इजाप्रतिबंधाचा निधी शस्त्रनियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरता येणार नाही. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती. पण आदल्या वर्षी बंदुकांच्या इजांवरील संशोधनाला जितकी रक्कम गेली होती नेमकी तितकीच, २६ लाख डॉलर, केंद्राच्या अंदाजपत्रकात त्या कामापासून दूर वळवली गेली. जाणत्यांनी जे समजायचे ते समजून घेतले. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ सरकारी पैशाने हा अभ्यास जवळजवळ झालाच नाही. २०२० च्या अंदाजपत्रकात अडीच कोटी डॉलर मंजूर झाले तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. तोवर डिकी वारले होते. त्यांच्या बाजूने इतके सांगितले पाहिजे की, २०१२ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या प्रतिपक्षी शास्त्रज्ञाबरोबर लेख लिहून हे संशोधन व्हायला हवे असे जाहीरपणे म्हटले. ‘कायदा नको, आधी कारण शोधा’ म्हणणाऱ्या पक्षाने कारण शोधणाऱ्यांचा दिवा काढून घेतला होता, याकडे दुर्लक्ष करून त्या वादाचे कोणतेही वर्णन प्रामाणिक ठरणार नाही.

करणावर हात घातला की सारे संपते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ब्रिटनमध्ये २०१० साली कंब्रियात १२ आणि २०२१ साली प्लिमथमध्ये ५ माणसे परवानाधारकांच्या गोळ्यांनी मेली. २०२५ च्या डिसेंबरात सिडनीच्या बॉन्डी किनाऱ्यावर हनुक्काचा सण साजरा करणाऱ्या ज्यू समुदायावर गोळीबार होऊन १५ जणांचा बळी गेला, आणि हल्लेखोरांपैकी एकाकडे परवाना होता. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने त्याच महिन्यात एका परवान्यावर किती बंदुका ठेवाव्यात यावर मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियात खुनांचे प्रमाण १९९६ पूर्वीच घसरू लागले होते, तेव्हा त्याचे किती श्रेय कायद्याला द्यावे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बंदुका पुष्कळ आणि असे गोळीबार थोडे. मात्र तिथे सैनिकी प्रशिक्षणाची शिस्त आहे, आणि २००१ मध्ये त्सूगच्या प्रांतिक सभागृहात १४ जण मारले गेल्यानंतर तिथलेही नियम कडक होत गेले. आणि ओक्लाहोमा सिटीत १९९५ मध्ये १६८ माणसे मेली ती बंदुकीने नव्हे, खतापासून केलेल्या स्फोटकाने. मनात विष असलेला माणूस दुसरे साधन शोधील, हा आक्षेप म्हणून पोकळ नाही. त्याला उत्तर तर्काने देता येत नाही. अनुभवाने देता येते.

तो अनुभव सामूहिक हत्याकांडांचा नसून एका वेगळ्या, अबोल मृत्यूचा आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये स्वयंपाकाचा गॅस कोळशापासून तयार होई आणि तो विषारी असे. पुढे समुद्रातून मिळणारा नैसर्गिक वायू घराघरांत आला. हा बदल स्वस्ताईसाठी झाला. कोणाचा जीव वाचावा हा त्यामागचा हेतूच नव्हता. परंतु त्या काळात देशातील आत्महत्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने उतरली. निराशा कमी झाली नव्हती, कर्जे फिटली नव्हती. घरातले एक साधन गेले, आणि हजारो माणसांनी दुसरे शोधले नाही. ही गोष्ट अमेरिकेला लावून पाहावी अशी आहे. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. वृत्तपत्रांचे मथळे व्यापणारी हत्याकांडे या आकड्याचा अगदी लहान भाग. २०२० पासून तर तिथल्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हेच झाले. मोटार-अपघात मागे पडले. मोटारींच्या बाबतीत कोणी ‘आधी वाईट चालकाच्या मनाचा शोध घ्या’ असे म्हणत थांबले नव्हते. पट्टे आले, रस्ते बदलले, परवाने कडक झाले.

मग अडते कुठे? अडते १७९१ मध्ये संमत झालेल्या सत्तावीस शब्दांच्या एका वाक्यात. अमेरिकी संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीचे हे वाक्य मराठी वाचकाला, विशेषतः थोडे संस्कृत शिकलेल्या वाचकाला, अपरिचित वाटणार नाही, कारण त्याचा पूर्वार्ध जवळजवळ सती सप्तमीच्या घडणीचा आहे. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असता, शस्त्रे बाळगण्याच्या जनतेच्या अधिकाराचा भंग होऊ नये, असा त्याचा आशय. आता ‘असता’ या पदाचे काम काय? ‘सूर्य उगवला असता कमळे फुलतात’ या वाक्यात सूर्य न उगवला तर कमळे फुलतात काय? पूर्वार्ध उत्तरार्धाला बांधतो की केवळ त्याची प्रस्तावना करतो, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात निर्णय दिला. भाषाशास्त्रज्ञांनी न्यायालयापुढे व्याकरणाची निवेदने मांडली होती. न्यायमूर्ती स्कालिया यांनी बहुमताच्या वतीने पूर्वार्धाला प्रस्तावना ठरवले आणि अधिकार व्यक्तीचा, घरात स्वसंरक्षणासाठीही, असल्याचे सांगितले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी पूर्वार्ध सोडला तर वाक्याचा प्राणच जातो असे विरोधी मत नोंदवले. निकाल पाच विरुद्ध चार. एका कृदन्ताच्या अन्वयावर इतके काही अवलंबून असल्याचे दुसरे उदाहरण आधुनिक विधिइतिहासात सापडणे कठीण आहे. न्याय्यतेने हेही सांगायला हवे की, हा अधिकार अमर्याद नाही, असे हेलर निकालानेच म्हटले होते.

या वाक्यामागची भीती भारतीयांनी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १८७८ मध्ये लिटनच्या राजवटीने एका हाताने देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधले आणि दुसऱ्या हाताने शस्त्रकायदा आणला, ज्यातून युरोपीय मोकळे सुटले. निःशस्त्र केलेला समाज ही दास्याची खूण आहे, ही भावना इथल्या राष्ट्रीय चळवळीत खोल होती; १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. अमेरिकेतही यादवी युद्धानंतर दक्षिणेतील राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांकडून बंदुका काढून घेतल्या, आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने उघडपणे शस्त्र बाळगण्यावर बंधन घातले ते ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण बंदुका घेऊन फिरू लागले तेव्हा. त्यावर सही करणारे राज्यपाल रोनाल्ड रेगन होते. शस्त्रकायदा कोणाच्या हातातले शस्त्र काढतो आणि कोणाच्या हातात ठेवतो, हे विचारलेच पाहिजे. भारताच्या संविधानसभेत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, कराचीची आठवणही निघाली. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकी सत्ता असतानाची मागणी आणि स्वतःचे राज्य झाल्यावरची तीच मागणी एक नव्हे, आणि शस्त्र उचलण्याच्या हक्कापेक्षा प्रसंगी ते उचलण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेच्या घटनाकारांपुढे हा प्रश्न वेगळ्या घडीला आला होता. राजाची फौज नुकतीच गेली होती आणि बंदुकीत एका वेळी एकच गोळी भरता येत होती.

पुढे काय, याचे उत्तर आज न्यायालयांच्या हाती जास्त आणि विधिमंडळांच्या हाती कमी आहे. २०२२ च्या २४ मे रोजी टेक्सासमधील युव्हाल्डी येथे १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमा होऊनही वर्गाचे दार उघडायला ७७ मिनिटे लागली, आणि चांगल्या माणसाच्या हातची बंदूक वाईट माणसाला रोखते या सूत्राची तिथे जी परीक्षा झाली तीवर भाष्य नको. अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच त्या मुलाने रायफली विकत घेतल्या होत्या. महिन्याभरात दोन्ही पक्षांनी मिळून तीन दशकांतला पहिला लक्षणीय केंद्रीय कायदा केला. २५ जूनला त्यावर सही झाली. पण दोनच दिवस आधी, २३ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला होता. तो नियम काय सांगत होता? पिस्तूल घेऊन बाहेर हिंडू इच्छिणाऱ्याने ‘योग्य कारण’ दाखवावे, इतकेच. नागरिकाने कारण सांगण्याची गरज नाही, असे न्यायालयाने ठरवले, आणि यापुढे प्रत्येक शस्त्रकायद्याला जुन्या इतिहासात दाखला असला पाहिजे अशी कसोटी घातली. तेव्हापासून कनिष्ठ न्यायाधीश अठराव्या शतकातील अध्यादेश धुंडाळत बसले आहेत. २०२४ मध्ये रहिमी खटल्यात घरगुती हिंसेमुळे मनाई-हुकूम असलेल्याचे शस्त्र काढता येते असे आठ विरुद्ध एक मताने, आणि २०२५ मध्ये सुट्या भागांतून घरी जुळवलेल्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांनाही नियम लागू होतात असे सात विरुद्ध दोन मताने ठरले. म्हणजे दार पूर्ण बंद नाही.

राज्यांतही हालचाल आहे. फ्लोरिडात २०१८ च्या पार्कलंड हत्याकांडानंतर तीन आठवड्यांत रिपब्लिकन राज्यपालांनीच बंदूकखरेदीचे वय एकवीस केले आणि धोकादायक ठरलेल्याचे शस्त्र न्यायालयाच्या हुकमाने तात्पुरते काढण्याची सोय केली. मिशिगनमध्ये २०२४ साली एका मारेकरी मुलाच्या आईला आणि वडिलांना, त्याच्या हाती पिस्तूल पडू दिल्याबद्दल, सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले गेले. सँडी हुकमधील काही कुटुंबांनी रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीवर तिच्या जाहिरातींच्या आधारे दावा लावला आणि २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरांना तडजोड झाली. कर्त्याला सोडून करणाकडे, करण घडवणाऱ्याकडे आणि ते उघड्यावर ठेवणाऱ्याकडे कायद्याची नजर अशी हळूहळू वळताना दिसते.

लास व्हेगासच्या मारेकऱ्याने अर्धस्वयंचलित रायफलीला यंत्र-बंदुकीचा वेग देणारा एक जोडभाग वापरला होता. ‘बम्प स्टॉक’ असे त्याचे नाव. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतील प्रशासनाने त्यावर बंदी आणली. त्या बंदीला फारसा राजकीय विरोध झाला नाही. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सहा विरुद्ध तीन मताने रद्द केली. घोडा एकदा दाबला जातो की पुन्हा पुन्हा, ‘एका दाबाने’ म्हणजे काय, यावर निकालाची पाने खर्ची पडली आहेत. पुन्हा तृतीयाच. त्याच आठवड्यात न्यूटाउनच्या हायस्कूलचा पदवीदान समारंभ झाला. २०१२ मध्ये सँडी हुकच्या पहिलीच्या वर्गांत असलेली आणि वाचलेली मुले आता अठरा वर्षांची झाली होती. कित्येकांनी झग्यावर हिरवी फीत लावली होती. प्रमाणपत्रे वाटण्यापूर्वी वीस नावे वाचून दाखवण्यात आली.